शेऱ्याचा रकाना

सोमवार, ४ मार्च

इंग्रजीच्या क्लासच्या मॅडमनी सांगितलंय, रोज डायरी लिहायची, आणि इंग्रजीत लिहायची. माझ्या इंग्रजीत डायरी तीन ओळींत संपते. म्हणून आधी आपल्या भाषेत कच्ची लिहायची आणि मग पक्क्या वहीत उतरवायची, असं ठरवलं. कच्चं-पक्कं दोन्ही ठेवायची मला सवय आहे.

वय चौपन्न. हॉस्पिटलच्या स्टोअरमध्ये एकोणतीस वर्षं. सुईपासून चाकाच्या खुर्चीपर्यंत अकराशे बेचाळीस वस्तू माझ्या ताब्यात आणि आजवरची तूट शून्य. जूनपासून सगळं कॉम्प्युटरवर जाणार, इंग्रजीत. साहेब म्हणाले, "एप्रिलअखेर परीक्षा आहे. पास झालात तर स्टोअर तुमचंच. नाहीतर तळघरात जुन्या फायली आहेतच." हे ते हसत म्हणाले. मला हसू आलं नाही.

घरी सध्या एकटाच आहे. ही नऊ नोव्हेंबरला मुलीकडे गेली, बाळंतपणासाठी. बाळ आता साडेतीन महिन्यांचं झालं. म्हणजे आता परत यायला हरकत नाही.

बुधवार, ६ मार्च

क्लास चष्म्याच्या दुकानाच्या वर आहे. विद्यार्थी अकरा, खुर्च्या दहा. मी वेळेआधी जातो, त्यामुळे मला मिळते.

आज मॅडमनी फळ्यावर दोन रकाने आखले. डावीकडे मोजता येणारी नामं, उजवीकडे मोजता न येणारी. जीव भांड्यात पडला. मनात म्हटलं, हा धडा आपल्या घरचाच आहे. पण पुढे जे झालं त्याने डोकं फिरलं. भात, साखर, पाणी उजवीकडे गेले तोवर ठीक होतं. मग मॅडमनी फर्निचरसुद्धा उजवीकडे टाकलं.

मी उभा राहिलो. "मॅडम, फर्निचर मोजता येत नाही असं कसं? वॉर्ड नंबर दोनमध्ये चाळीस खाटा, चाळीस लहान कपाटं, बारा स्टुलं. मी स्वतः मोजलीत."

"खाटा मोजा की, काका. फर्निचर मोजू नका."

"पण खाटा म्हणजेच फर्निचर ना?"

"हो. तरीही."

हे 'तरीही' मला पटलं नाही. मग सामान गेलं, माहिती गेली, सल्ला गेला, शेवटी केससुद्धा गेले. माझ्या शेजारी एक पार्लरवाली बसते, परदेशी जायचं म्हणून क्लासला येते. ती म्हणाली, "काका, तुमचे मात्र मोजता येतील हं." सगळे हसले. मीही हसलो. घरी येईपर्यंत लक्षात आलं की आज दिवसभरात तेवढंच हसलो होतो.

रविवार, १० मार्च

रविवारी पाच वाजता फोन, हा नियम. मुलीने उचलला.

"बाबा, आई बाळाला न्हाऊ घालतेय."

"असू दे. वजन किती झालं?"

"सहा किलो शंभर."

"छान. गेल्या वेळी पाच सातशे होतं. म्हणजे चारशेची वाढ."

"बाबा, तो आता हसतो. आवाज काढून."

"किती वेळा?"

मुलीने आईला हाक मारली. मग ही आली. "जेवलात का?" म्हणाली. मी म्हटलं, जेवलो. तारीख सांग, तिकीट काढून ठेवतो. "बघू," म्हणाली. गेल्या वेळीही बघूच म्हणाली होती. एकूण चार मिनिटं दहा सेकंद.

बुधवार, १३ मार्च

मॅडमनी माझी इंग्रजी डायरी तपासून परत दिली. मी लिहिलं होतं: ब्रेड खाल्ला. कामावर गेलो. झोपलो. चूक एकही नव्हती. तरी गुण दिले नाहीत. समासात लाल पेनने फक्त एक शब्द लिहिलाय, 'मग?'

विचारायला गेलो. म्हणाल्या, "काका, तुम्ही काय खाल्लंत ते कळलं. तुम्ही कसे आहात ते नाही कळलं."

हे इंग्रजी शिकवणं आहे की चौकशी? गुण द्यायचे असतील तर द्या, नसतील तर देऊ नका. अध्येमध्ये शेरे कशाला मारायचे.

गुरुवार, १४ मार्च

गृहपाठ: घरातल्या दहा मोजता येणाऱ्या आणि दहा मोजता न येणाऱ्या गोष्टी.

पहिली दहा मी कार्डांवरून पाच मिनिटांत उतरवली. कार्डांबद्दल इथे लिहून ठेवतो. स्टोअरमध्ये प्रत्येक फळीला एक कार्ड टांगलेलं असतं. त्यावर पाच रकाने: तारीख, आवक, जावक, शिल्लक, शेरा. अकरा वर्षांपूर्वी मी हीच पद्धत घरात आणली. साखर, चहा, साबण, कप, चादरी, बल्ब, कपड्यांचं कपाट, सगळ्याला कार्ड. एकूण बावीस. ही रोजची नोंद करायची आणि महिनाअखेर मी शिल्लक जुळवून खाली लाल पेनने 'तपासले' लिहून सही करायचो. स्टोअरला आलेले पाहुणे म्हणायचे, घरीसुद्धा? मी म्हणायचो, घरीसुद्धा. हिला आधी गंमत वाटली होती. नंतर सवय झाली असणार.

मोजता न येणाऱ्यांची गाडी मात्र सातावर अडली. साखर, मीठ, तेल, चहा, पाणी, धूळ, साबणाचा फेस. पार्लरवालीला फोन करून विचारलं. ती म्हणाली, "शांतता लिहा ना."

लिहिलं. ती मात्र घरात भरपूर आहे. ही होती तेव्हा भांड्यांचा, शिलाई मशीनचा, रेडिओचा आवाज असायचा. मी म्हणायचो, जरा शांत बसू दे. आता सकाळी सवयीने चहाचं पाणी दोन कप ठेवतो आणि एक कप ओतून देतो. हे मी कार्डावर कुठे लिहावं कळत नाही, म्हणून इथे लिहिलं.

रविवार, ३१ मार्च

महिनाअखेर. कपड्यांच्या कपाटाची मोजणी वर्षातून एकदाच, मार्चअखेर होते. आज केली. तूट निघाली.

तपकिरी शाल एक. हिचे स्वेटर तीन. हिच्या आईचा फ्रेममधला फोटो एक. शिवणाची मोठी कात्री एक. जुना चष्मा एक. लोकरीचे गुंडे सहा.

दोनदा मोजलं. ही गेली तेव्हा मी ड्युटीवर होतो, पण घरातून नेलेली लहान बॅग एकच, हे मला कार्डावरून माहीत आहे. आणि बाळंतपणाला जाताना आईचा फोटो कोण नेतं? घराची दुसरी किल्ली फक्त सफाईच्या मावशींकडे आहे. आठ वर्षं येतात. माणसावर विश्वास टाकला की हे असं होतं.

पाच वाजता फोन केला. हिला काही बोललो नाही. उगाच जिवाला घोर लागायचा.

सोमवार, १ एप्रिल

सकाळी मावशी आल्या. मी यादी समोर धरली. चोरी हा शब्द मी काढला नाही. 'तूट' म्हणालो. त्यांनी यादी पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं.

"हे तुम्ही मला विचारताय?"

"किल्ली तुमच्याकडे असते."

"बाईंनीच नेलं सगळं. मी बांधून दिलं. दोन पेट्या झाल्या. माझ्या जावयाच्या टेम्पोतून स्टेशनवर पोचवल्या."

"मला बोलली नाही ती."

"मी म्हटलं होतं त्यांना, साहेबांना सांगून जा. म्हणाल्या, कार्डावर लिहून ठेवलंय. ते कार्ड बघतात."

मी काही बोलायच्या आत त्यांनी पदराची गाठ सोडून किल्ली टेबलावर ठेवली. "आठ वर्षं येते मी," एवढंच म्हणाल्या आणि गेल्या. बादली दारातच राहिली.

कपाटाचं कार्ड काढलं. शेऱ्याच्या रकान्यात हिच्या अक्षरात होतं: 'मी नेलं.' तारीख आठ नोव्हेंबर. पण जावकच्या रकान्यात आकडाच नाही! शिल्लक तशीच. अशाने मोजणी जुळणार कशी? अकरा वर्षं शिकवून ही गत. मी लाल पेनने जावक भरली, शिल्लक दुरुस्त केली. आता कपाट जुळतं.

कपाट जुळलं तरी बरं वाटलं नाही. शाल लोकरीची आहे. नोव्हेंबरात नेली ते समजू शकतो. पण सहा गुंडे?

शनिवार, ६ एप्रिल

घरात धूळ साचली. मावशी दोन घरं पलीकडे जिना पुसतात, तिथे गेलो. भर जिन्यात, वरच्या मजल्यावरची माणसं येत-जात होती.

"मावशी, चूक झाली."

त्यांनी फडकं पिळलं. "किती झाल्या? मोजल्यात का?"

बराच वेळ त्या पुसत होत्या आणि मी प्रत्येक पायरीबरोबर एक पायरी खाली येत होतो. तळाशी आल्यावर म्हणाल्या, "सोमवारी येते. पण साबणाच्या वडीवर खूण करायची नाही." मी साबणावर खूण करतो, हे त्यांना माहीत होतं, ते मला माहीत नव्हतं.

निघताना विचारलं, "ही कधी येणार म्हणाली होती तुम्हाला?"

मावशी म्हणाल्या, "ते तुम्ही त्यांनाच विचारा ना."

बुधवार, १० एप्रिल

आजचा धडा बरा होता. मोजता न येणारं काहीही भांड्यात घातलं की मोजता येतं. पाणी नाही, पण पाण्याचा ग्लास. सल्ला नाही, पण सल्ल्याचा एक तुकडा. तुकडा हा शब्द मॅडमचा आहे, माझा नाही. पार्लरवाली म्हणाली, "काळजीचा काय असतो मॅडम? पोतं?" मॅडम हसल्या. मला वाटलं, मला काळजी नाही. मला फक्त तारीख हवी आहे.

मग पार्लरवालीने जिन्यात विचारलं, "काकू कधी येणार?" म्हटलं, बाळ बसायला लागलं की. "बाळ बसलं की रांगेल, काका," ती म्हणाली.

रविवार, १४ एप्रिल

दुपार. साखर संपली म्हणून नवी आणली आणि नोंद करायला साखरेचं कार्ड काढलं. मावशींचं वाक्य डोक्यात होतं, म्हणून आयुष्यात पहिल्यांदा आपणहून शिल्लक सोडून शेरा बघितला.

तिथे लिहिलं होतं: 'पाहुणे आले होते. बरं वाटलं.'

भरलेली जुनी कार्डं मागे टाचलेली असतात. ती उलटली. मग चहाचं कार्ड काढलं, मग कपांचं, मग सगळी बावीस जमिनीवर पसरून बसलो. काही इथे उतरवतो, कारण उतरवल्याशिवाय मला कळत नाही.

चहा: 'आज दोन कप जास्त. शेजारीण आली होती. पोट दुखेपर्यंत हसलो.'

कप: 'एक फुटला. शिल्लक पाच. हात कापला, त्याला रकाना नाही.'

छत्री: 'दोघं एकाच छत्रीतून आलो. तुम्ही म्हणालात, दुसरी कुठाय?'

उशा: 'मुलगी सासरी गेली. एक उशी जास्त झाली.'

बल्ब: 'खिडकीशी नवा लावला. तुम्ही उशिरा आलात. मी दिसले का खिडकीत?'

स्वेटर: 'हा तुमच्यासाठी विणला. अंगाला बसला का ते सांगितलं नाहीत. आवक एक.'

तो स्वेटर मी वापरतो. बसतो तो. अगदी बरोबर बसतो.

सुरुवातीच्या वर्षांत शेरे लांब आहेत. पुढे लहान होत गेले. शेवटच्या तीन वर्षांत बहुतेक नुसतं 'ठीक', 'ठीक', 'ठीक'. आणि ते सुरू होण्याच्या जरा आधी, चादरींच्या कार्डावर, एका महिन्याच्या शेवटच्या ओळीत लिहिलं आहे: 'कुणी वाचतं का हे?'

त्याच्या खाली लाल पेनने 'तपासले'. सही माझी.

पाच वाजून गेले ते कळलंच नाही. साडेपाचला मुलीचाच फोन आला. "बाबा, बरे आहात ना? फोन नाही केलात?" मागून हिचा आवाज ऐकू आला, "विचार, जेवलेत का." मी म्हटलं, हो, हो. पुढे मी कार्डंच बघत राहिलो. मुलीला वाटलं लाइन गेली. तिने फोन ठेवला.

ही परत यायची नाही. मी पाच महिने तिकिटाची तारीख विचारतोय आणि ती येणारच नाहीये. हे मावशींना माहीत होतं, मुलीला माहीत असणार, पार्लरवालीलासुद्धा अंदाज होता. स्टोअरकीपर तेवढा मी.

रविवार, २१ एप्रिल

आठवडाभर काय बोलायचं त्याची तयारी केली. फोनवर ही आल्यावर सगळं विसरलो.

"जेवलात का?"

"हो. तुझा हात कुठला कापला होता?"

"कुठला हात?"

"कप फुटला तेव्हा."

पलीकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "डावा."

"खूप कापला होता?"

"बाळ रडतंय," म्हणाली आणि फोन ठेवला. मला बाळ ऐकू आलं नव्हतं, पण रडत असेल. किती मिनिटं बोललो ते बघायचं राहिलं.

मंगळवार, २३ एप्रिल

अस्सल कार्ड स्टोअरबाहेर जात नाही. गेलंच तर आधी नक्कल काढून ठेवायची. हा नियम मीच नव्या माणसांना शिकवतो.

आज चादरींचं कार्ड काढलं. 'कुणी वाचतं का हे?' या ओळीच्या खाली माझं 'तपासले' आहे, ते खोडावंसं वाटलं. खोडलं नाही. नोंद खोडत नाहीत. त्याच्या खाली जी थोडी जागा उरली होती तिथे निळ्या पेनने लिहिलं: 'हो. उशिरा.' आणखी खूप लिहायचं होतं. मी चुकलो, घर खायला उठतं, स्वेटर बसतो. पण कार्ड भरलं.

कार्ड पाकिटात घातलं, पत्ता लिहिला आणि टपालपेटीत टाकलं. नक्कल काढली नाही. पेटीचं झाकण वाजलं. आता ते कार्ड माझ्याकडे नाही आणि परत येईलच असंही नाही.

रविवार, २८ एप्रिल

शुक्रवारी परीक्षा झाली. रिकाम्या जागा भरताना तीन ठिकाणी अडलो. शेवटी 'माझं घर' यावर दहा ओळी होत्या. मी लिहिलं, माझ्या घरात सहा खुर्च्या आहेत. माझी बायको इथे नाही. मी पाणी दोन कप ठेवतो. मग वेळ संपली. व्याकरण बरोबर होतं की नाही, माहीत नाही.

आज पाच वाजता फोन केला. मुलीने उचलला. आई बाहेर गेलीय म्हणाली. बाळ कसं हसतं ते मी विचारलं. वजन विचारलं नाही. तिने फोन बाळाच्या तोंडाजवळ धरला. श्वास ऐकू आला, मग एक आवाज आला, तो हसण्याचा असावा. मी इकडे मूर्खासारखा हॅलो हॅलो करत बसलो.

मंगळवार, ३० एप्रिल

महिनाअखेर. मोजणी केली नाही. लाल पेन काढलं आणि परत ठेवलं.

मावशी म्हणाल्या, "आज मोजायचं नाही वाटतं?" म्हटलं, नाही. त्या म्हणाल्या, "मग बसा, चहा टाकते." दोन कप झाला. त्यांनी जिन्यावरच्या भांडकुदळ बाईची गोष्ट सांगितली. मी ऐकली. कार्डावर लिहिण्यासारखं काही नव्हतं, पण संध्याकाळ बरी गेली.

बुधवार, ८ मे

दुपारी साहेबांनी निकाल सांगितला. पन्नासपैकी एकतीस. पास. स्टोअर माझं राहिलं. साहेबांनी पाठ थोपटली. घरी येताना पाय आपोआप भरभर पडत होते, कुणाला तरी सांगायला निघाल्यासारखे. दाराशी आल्यावर आठवलं.

दारात पाकीट पडलेलं होतं. अक्षर हिचं.

उघडायच्या आधी हात धुतले. का धुतले ते सांगता येत नाही. आत चादरींचं कार्ड होतं. माझ्या 'हो. उशिरा.'च्या खाली, अगदी कडेला, लाल पेनने लिहिलं होतं: 'तपासले.' खाली तिची सही, मी करतो तशी तिरकी, खाली रेघ ओढलेली.

पत्र नव्हतं. तोंडात मारल्यासारखा खुर्चीत बसलो. हे रागाने लिहिलंय की गमतीने, ते अक्षरावरून ओळखायचा प्रयत्न केला. अक्षर चांगलं आहे, एवढंच कळलं. मनाशी म्हटलं, अकरा वर्षं महिन्यामागून महिना तिला हेच वाचायला मिळालं. मला एकदाच मिळालं आणि मला बसायला खुर्ची लागली. मग रडू आलं. लिहून टाकतो, रडलो.

कार्ड परत पाकिटात घालताना लक्षात आलं की त्याच्या मागे आणखी एक कार्ड टाचलेलं आहे. कोरं. ते आपल्या घरातलं नव्हे, आपली पिवळट असतात, हे पांढरं आहे. म्हणजे तिकडच्या दुकानातून विकत आणलं असणार. रकाने हाताने आखलेत, तिची रेघ उजवीकडे जरा वर जाते, तशी गेली आहे. पण रकाने दोनच. तारखेचा आणि शेऱ्याचा. आवक, जावक, शिल्लक नाहीतच.

घाईत राहिले असतील, असं वाटलं. पट्टी आणि पेन्सिल घेऊन ते आखायला बसलो. पट्टी कार्डावर ठेवली, जुळवली, आणि तशीच उचलून ड्रॉवरमध्ये टाकली.

मग निळं पेन घेतलं. तारखेच्या खाली लिहिलं, आठ मे. शेऱ्यात लिहिलं: 'आज पास झालो. सांगायला घरात कुणी नव्हतं, म्हणून तुला सांगतो.'